मोरीनकडचा नाश्ता

“अंडं उलटून की सरळ?” डेस्मंडने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

“सरळ,” लोरेन म्हणाली.

“आणि टोस्ट?”

“टोस्टचं कशाला विचारतोस?” आतून मोरीनचा आवाज आला. “तो तू करपवणारच आहेस.”

“करपत नाही गं. जरा उन्हात बसतो.”

“यॉर्कमध्ये ऊन! नशीबवान आहे बाई टोस्ट.”

शेजारच्या टेबलावरचं डॅनिश जोडपं खळखळून हसलं. लोरेनही हसली आणि आपण हसलो याचंच तिला नवल वाटलं.

मोरीनचं घर शहराच्या जुन्या तटबंदीला खेटून होतं. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या मोजक्याच खोल्या, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, जिन्यात मोरीन-डेस्मंडच्या लग्नाचा फोटो. त्यात डेस्मंडचे केस खांद्यापर्यंत होते. राहून गेलेली माणसं खोल्यांचं कौतुक करायची, पण पुन्हा यायची ती या सकाळच्या टेबलासाठी.

लोरेन मात्र फिरायला आली नव्हती. नदीपलीकडच्या एका फ्लॅटची बोलणी झाली होती. आज किल्ली घ्यायची, की स्कारबरोला नवऱ्याकडे, नेव्हिलकडे, परत जायचं, एवढंच ठरवायचं बाकी होतं.

नेव्हिल वाईट नव्हता. तो बोलत नव्हता, इतकंच. मुलगी शिकायला बाहेर पडली आणि घरातलं बोलणंही तिच्या सामानाबरोबर गेलं. सकाळी रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईला तो “अस्सं?” म्हणायचा, लोरेनला तेवढंही नाही. “मी वेगळं घर बघायला चाललेय,” असं तिने सांगितलं, तेव्हा त्याने बराच वेळ कपात पाहिलं आणि म्हणाला, “छत्री ने.”

आज पहाटेच जाग आली म्हणून ती खिडकीत उभी होती. डेस्मंड काखेत वर्तमानपत्र आणि हातात पाव घेऊन गुणगुणत रस्त्याने येत होता. दारात त्याने बूट नीट पुसले. खाली मोरीन काहीतरी म्हणाली, तो काहीतरी म्हणाला आणि दोघांचं हसणं जिन्याने वर आलं. लोरेन ते ऐकत राहिली. उबदार घराच्या काचेबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं तिला.

काल संध्याकाळी मोरीन बैठकीत एकटीच विणत बसली होती. समोर टीव्ही चालू होता, आवाज बंद.

“डेस्मंड?” लोरेनने विचारलं होतं.

“तो संध्याकाळचा कुठला इथं सापडायला!” मोरीनने टाके मोजता मोजता म्हटलं होतं. मग लोरेनने तिला फ्लॅटचं आणि नेव्हिलचं सांगितलं होतं.

नाश्ता आटोपून डॅनिश जोडपं सामान घेऊन निघालं. डेस्मंड त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेला. मोरीन बशा गोळा करू लागली. लोरेन उठली नाही.

“तुम्हाला कसं जमतं हे?”

“काय, सॉसेज?”

“नाही हो. एवढ्या वर्षांनी असं हसणं.”

मोरीनने बशीवर बशी ठेवली. “नेहमी कुठं जमत होतं? लग्न झालं तेव्हा हा मला हसवून बेजार करायचा. मग आम्हीही गप्प झालो. मला वाटायचं, पहिलं त्याने बोलावं; त्याला वाटायचं, पहिलं मी बोलावं. त्यात वर्षं गेली.”

“मग?”

“आता बोलतो.” तिने टेबलावरचे कण हाताने एका जागी केले. “फ्लॅट कसा आहे तुमचा?”

“उजेड आहे. शांत आहे.”

“शांत असतोच. एकट्या माणसाच्या घरात किटली आपणच लावतो आणि ती वाजली की आपणच दचकतो.” तिने कण बशीत लोटले. “नवरा काय म्हणाला निघताना?”

“छत्री ने, म्हणाला.”

“मग बोलतो की हो तो.”

लोरेन फोन घेऊन उठली.

जिन्याच्या पायरीवर बसून तिने घरी फोन लावला. नेव्हिलने लगेच उचलला, जणू फोनपाशीच बसला होता.

“मी आहे.”

“हं.”

मग तो म्हणाला, “पाऊस आहे का तिकडे?”

एरवी तिने वैतागून फोन ठेवला असता. “आहे,” ती म्हणाली. “छत्री उपयोगी पडली. दुपारच्या गाडीने येतेय मी. स्टेशनवर येशील?”

“येतो.” आणि ती ठेवणार तोच, घाईघाईने, “लोरेन, बटाटे उकडून ठेवतो.”

तिला रडू आलं आणि हसूही. मग तिने फ्लॅटवाल्यांना फोन करून नको म्हणून सांगितलं.

निघताना मोरीनने तिला छातीशी धरलं. डेस्मंडने बॅग पायरीखाली ठेवली.

“पुढच्या वेळी नवऱ्याला आणा,” तो म्हणाला. “टोस्ट कसा करायचा ते शिकवतो.”

“बिचाऱ्याने काय घोडं मारलंय तुझं?” मोरीन म्हणाली.

लोरेनने कोपऱ्यावर वळून पाहिलं. दोघं दारातच उभी होती, त्याचा हात तिच्या खांद्यावर. तिने हात हलवला, त्यांनीही हलवला.

ती दिसेनाशी झाल्यावर डेस्मंडने हात काढून घेतला आणि दार लावलं.

“गेली नवऱ्याकडे?”

“गेली.”

“बरं झालं.” त्याने अ‍ॅप्रन काढला. “आता कोणी नाही ना?”

“शुक्रवारी एक कुटुंब येतंय. मुलं आहेत बरोबर.”

“मग शुक्रवारी सकाळी येतो.”

मोरीनने दोन कप खाली काढले. “चहा तरी घेऊन जा.”

“नको गं,” डेस्मंड कोट चढवत म्हणाला. “घरी बायको नाश्त्याला थांबलीय.”