तिला सोसेल तेवढीच

दुकानदाराने ट्रकचा पिकअप वाढवणाऱ्या दोन चिप काउंटरवर ठेवल्या. एक साधी, एक तिच्या दुप्पट ताकदीची.

"काका, गाडी इतकी वर्षं तुम्ही चालवलीत," दस्तगीर म्हणाला. "कुठली बसवू, तुम्हीच सांगा."

सोपानकाकांनी बाहेर पाहिलं. नवीन ट्रक घेताना त्यांनी दस्तगीरला विकलेली ती जुनी गाडी उन्हात उभी होती. निळाशार रंग, आरशाला गोंडे, काचेवर दस्तगीरच्या लेकीचं नाव. काकांनी हौसेने बसवलेला हॉर्न तेवढा जुना. आज एका किल्लीत सुरू झाली होती. काकांना मात्र रोज सकाळी तिची मनधरणी करायला लावायची! त्यांचा नुसता जळफळाट झाला.

"मोठीच घ्या," दुकानदार म्हणाला. "घाटात सगळ्यांना मागे टाकाल."

चढाला ही गाडी किती लवकर तापते, ते काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठी चिप बसवली की इंजिन गेलंच म्हणून समजा. नुसतं 'मोठी' म्हणायचा अवकाश. बसू दे याला भर घाटात, बॉनेट उघडून! शब्द अगदी ओठांवर आला.

"साधी बसव," काका खेकसले. "मोठी तिला सोसायची नाही."

दस्तगीरने त्यांचा हात धरला. "उपकार झाले, काका."

"उपकार राहू देत." काकांनी हात सोडवून घेतला. "घाटात माझ्या गाडीला ओव्हरटेक करशील ना, तेव्हा तो हॉर्न तेवढा वाजवू नकोस."