वाटेतला बाक

कॉलनीच्या बागेचं नव्यानं काम निघालं. काय कुठं हवं, ते लोकांनीच पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर आखायचं ठरलं. लेकरांनी घसरगुंड्या आखल्या, म्हाताऱ्यांनी सकाळी फिरायची वाट आखली. कडेवर बाळ घेतलेल्या रूपलनं त्या वाटेच्या बरोबर मधोमध एक बाक आखला.

सगळे हसले.

"अगं बाई, वाटच अडवली की सगळ्यांची!" सरदारबी म्हणाल्या. "तिकडं कोपऱ्यात घे, लिंबाखाली. बिलकुल कुणी उठवणार न्हाई तुला."

"तिथंच बसते रोज," बाळाची टोपी सारखी करत रूपल म्हणाली. "इथं बसले, तर 'जरा सरक' असं तरी म्हणंल कुणीतरी."