ओढ्यातल्या सुया

"डॉन निकानोर, तुम्ही अजून सुई टोचून घेता का हो?"

विचारलं एकदाचं! इव्हेलीसने हळूच मागे वळून पाहिलं. बास्केटबॉलच्या मैदानाच्या भिंतीआड सुलेइका आणि काराली तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. पैजच तशी होती. विचारशील तर आमच्यातली, नाहीतर बस तुझी तू एकटी.

म्हातारा ओढ्याच्या काठी वाकला होता. वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी इथे आदराने 'डॉन' लावतात. हातात मांस भाजायचा लांब चिमटा, पायाशी कपड्यांच्या साबणाची रिकामी बाटली. त्याने चिमट्याने एक सुई उचलली, बाटलीत टाकली आणि मगच वर पाहिलं.

"नाही गं पोरी. नशा सुटून वर्षं झाली. तुझा जन्मही नसेल तेव्हा."

"मग ह्या कुणाच्या?"

हा प्रश्न पैजेत नव्हता. तो आपल्या तोंडून कसा निघाला, ते तिलाही कळलं नाही.

"कुणास ठाऊक! पण माणूस नीटनेटका आहे. टोपण लावतो, कागदात गुंडाळतो. एखादं टोपण निसटतं, त्याला तो तरी काय करणार? पेटीपर्यंत यायची लाज वाटत असेल बिचाऱ्याला." तो हसला. "ये म्हणावं. मी कुणाचं तोंड बघत बसत नाही."

पेटी म्हणजे मैदानाच्या भिंतीवरची लाल लोखंडी पेटी. वापरलेल्या सुया कुठेही पडू नयेत म्हणून आरोग्यकेंद्राने बसवलेली. तिची निगा डॉन निकानोर राखायचा, कुणी न सांगता. पण मायाग्वेस शहराच्या टेकडीवरच्या ह्या वस्तीत चांगल्या घरचं माणूस तिच्या आसपासही फिरकत नसे. पेटीपाशी दिसला की तो नशेबाज, विषय संपला.

त्यात गेल्या आठवड्यात एक चिमुरडी ओढ्यात अनवाणी उतरली आणि तिच्या पायात सुई घुसली. पोरीच्या रक्ताच्या तपासण्या अजून चालू होत्या, पण वस्तीने गुन्हेगार केव्हाच ठरवून टाकला होता. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की सभा. पेटी उखडायची आणि मैदानामागच्या खोपटातून म्हाताऱ्याला हाकलायचं.

"सभेत सांगा ना तुम्ही. मी नाही टाकत म्हणून."

"ऐकणार कोण? इथे मला कुणी साधं 'काय कसं काय' विचारत नाही. आज तू बोललीस, तीही पैजेपायी." त्याने भिंतीकडे पाहून डोळा मिचकावला. "जा, मैत्रिणी वाट बघतायत."

मैत्रिणींनी तिला मिठीच मारली. "बाई गं, इव्हे, तू तर वाघीण निघालीस! आम्हाला वाटलं, रडत परत येशील."

बक्षीस म्हणून सुलेइकाने तिला नारळाचं लिंबर घेऊन दिलं, पेल्यात गोठवलेला गोड बर्फ. इव्हेलीस तो पेला नुसता हातात धरून बसली.

"खा ना!"

"दात ठणकतोय."

"तुझा तो दात! शाळेत तोच, माझ्या वाढदिवसालाही तोच. बरं, आता तरी माझ्याकडे राहायला येशील का एक रात्र?"

"आई नाही सोडत."

"आई आहे का जेलर?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. लिंबर वितळून बोटांवरून ओघळत होतं.

"रविवारी पुढच्या रांगेत बसायचं हं," काराली म्हणाली. "माझे बाबा पहार घेऊन येणारेत. 'नीघ म्हाताऱ्या, नीघ!' असं आपण सगळ्यांनी ओरडायचं. तू सगळ्यात मोठ्याने, इव्हे. तुझं तर त्याच्याशी बोलणं झालंय!"

शाळेतल्या इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ती दोघींच्या मधोमध बसली होती. आणि इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी आई केळ्याचे काप तळत होती. बाबा मिस्सेला घालायचे बूट पुसत होते.

"उद्या सभेला जायचंय?" इव्हेलीसने विचारलं.

"जायला हवं," बाबा म्हणाले. "नाही गेलो तर डोळ्यावर येतं."

"गप्प बसायचं, सगळ्यांबरोबर हात वर करायचा आणि घरी यायचं," आई म्हणाली.

"आणि डॉन निकानोर? ते कुठे जाणार?"

"जाईल कुठेतरी. त्याला सवय आहे एकटं राहायची."

"ती सवय कुणालाच होत नाही, आई."

आईने झारा खाली ठेवला. "हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"लोक एकदा बोट दाखवायला लागले की जन्मभर दाखवतात," बाबा बुटावरून नजर न उचलता म्हणाले. "तुला नाही कळायचं ते."

इव्हेलीस खिडकीपाशी गेली. अर्धवट लोटलेली दुसरी झडपही तिने ढकलून उघडली. समोरच्या ओसरीवर शेजारणी गप्पा मारत बसल्या होत्या. ती आईबाबांकडे वळली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली, ओसरीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बाबा, उद्या पहाटे तुम्ही ओढ्याकडे जायचं नाही. माझ्या इन्सुलिनच्या सुया मीच पेटीत टाकणार, भर सभेत, सगळ्यांच्या देखत."