धुक्यातली ओ

तिने मागे वळून पाहिलं तर नवरा दिसेना. चाक दिसेना, केबिनची काच दिसेना. बोटीचा मागचा अर्धा भाग धुक्याने गिळून टाकला होता. ऐन उन्हाळ्यात एवढं धुकं. बोट भाड्याने देणाऱ्याने बजावलं होतंच, की या किनाऱ्याला कधीकधी सकाळी असं होतं. अशा वेळी एकाने चाक धरायचं, दुसऱ्याने पुढच्या टोकाला बसून खडक बघायचे आणि मागच्याने पुढच्याला हाका मारत राहायचं. नाहीतर माणूस पाण्यात पडलं तरी पत्ता लागायचा नाही.

"आहेस ना?" मागून हाक आली.

"आहे."

"बरं."

खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. दोघंच जाऊ, निवांत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरू, पोटभर गप्पा मारू, असं म्हणून त्यानेच ही सहल ठरवली होती. पण बोटीत पाय ठेवल्यापासून त्याच्या गप्पा चालल्या होत्या त्या इंजिनाशी आणि नकाशाशी. नवरा दंतवैद्य. लोकांच्या तोंडात आरसा आणि दोन बोटं घालून तो जन्मभर विचारत आला, मुलं कशी आहेत, सुट्टीत कुठे जाऊन आलात. समोरच्याने घशातून काहीतरी आवाज काढला की "बरं" म्हणून पुढचा दात. दवाखान्यात ते चालून गेलं. घरीही चालून गेलं म्हणा, पण घरी तिचं तोंड मोकळं होतं.

आणि आज तोच माणूस घडीघडीला तिची चौकशी करत होता.

"आहेस ना?"

"आहे. पाय गारठलेत."

"बरं."

एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, त्याने तिला धीर आला. समोरासमोर जेवताना जे ओठांपर्यंत येऊन परत जायचं, ते इथे धुक्याकडे बघत बोलता येईल असं वाटलं. पुढची हाक आली तेव्हा तिने कठडा घट्ट धरला.

"आहे," ती म्हणाली. "पण मला फार एकटं वाटतं हो. मुलं घराबाहेर पडली तेव्हापासून नाही, त्याच्याही आधीपासून."

"बरं," तो म्हणाला.

हा "बरं" तिने मनात उलटापालटा करून पाहिला. गडबडला असेल. हातात चाक धरून असल्या गोष्टीला काय उत्तर देणार? संध्याकाळी बोट बांधली की काढेल विषय. आशा चिवट असते. पण आत कुठेतरी एक शंका शिरली होती, आणि ती काही केल्या बाहेर निघेना. म्हणून तिने ठरवलं, आता हाक आली की ओ द्यायची नाही.

"आहेस ना?"

ती गप्प राहिली. आता तो इंजिन बंद करेल, धडपडत पुढे येईल, वाकून पाणी बघेल. तिला तिथे बसलेली बघून चिडेल, चार शब्द सुनावेल. ते ऐकून घ्यायची तिची तयारी होती. चारच काय, चाळीस ऐकले असते.

"बरं," मागून आवाज आला.

बोट त्याच संथ चालीने पुढे जात राहिली. घरातल्या रिकाम्या खोल्यांतही तिला कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं.

बिचाऱ्याला इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नसेल, असं तिने स्वतःला समजावलं. समजूत जवळजवळ पटलीही होती. तेवढ्यात धुक्यातून एक लाल पिंप वर-खाली होत समोर आलं. खडकाची खूण म्हणून बांधलेलं.

"डावीकडे घ्या," ती म्हणाली. मघाच्याच आवाजात, तसूभरही वर न चढवता.

बोट तत्क्षणी डावीकडे वळली. पिंप तिच्या उजव्या हाताशी येऊन मागे गेलं. त्याचे कान शाबूत होते.

ऊन चढलं तसं धुकं विरलं आणि एका छोट्या गावाचा धक्का दिसू लागला. तिने दोर फेकला, धक्क्यावरच्या माणसाने तो झेलला. नवरा केबिनमधून बाहेर आला तो उत्साहाने फुलून. धुकं किती दाट होतं, खडक कसे चुकवले, सगळं त्याने त्या अनोळखी माणसाला रंगवून सांगितलं.

"पण ही होती ना पुढे," तो म्हणाला. "मी हाक मारली आणि हिने ओ दिली नाही, असं एकदाही झालं नाही."

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात माया होती, खोटी नव्हती. तेच तिला सोसेना.

धक्क्यावरच्या माणसाने दोराला गाठ मारली आणि मान वर करून तिला विचारलं, "भीती वाटली का हो, बाई?"

"छे हो," नवरा म्हणाला. "हिची कधी कसली तक्रार नसते."

तो माणूस मात्र तिच्याचकडे बघत होता. त्याने तिला विचारलं होतं, आणि ती काय म्हणते ते ऐकायला तो थांबला होता.