डॉल्फिन मासा नसतो

डॉल्फिनचे डीएनए तपासून त्यांची घराणी शोधणं हे माझं काम. संग्रामपूरच्या बाजारात कुणी "तुमची प्रतीक्षा मासेच पाहत फिरते ना?" असं विचारलं की बाबा खवळतात. "मासा नाही बे तो! लेकराले दूध पाजते. आपल्यातलाच हाय!"

काल सोयरे माझ्यासाठी 'आपल्यातलं' स्थळ घेऊन आले. चहा यायच्या आधीच बाबांनी मला माझा शोध सांगायला लावला.

"एका खाडीतला कळप हजारो वर्षं आपसातच जोड्या लावत राह्यला," मी म्हणाले. "आता त्याची पिल्लं जगत नाहीत. जो कळप बाहेरच्यात मिसळला, तो टिकला."

"ऐका!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "आपल्याआपल्यात राह्यलं का वंश बुडते!"

"मंग बाबा, मले हे स्थळ नोको. माह्या लॅबमधल्या धम्मरत्नासंग मी लगन करनार हाव."

बाबा ताडकन उठले. त्यांची खुर्ची मागे पडली. सोयऱ्यांकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून ते माझ्यावरच ओरडले,

"मासे हायेत ते, पोरी! मासे!"