एक्क्याऐंशी टक्के

अकराला पाच मिनिटं कमी होती. ठिणगीनं फोन परत उघडून बघितला. एक्क्याऐंशी टक्के. काल सकाळी चार्जरवरून काढलेला, वर दोन तास व्हिडिओ बघून झालेले, तरी एक्क्याऐंशी.

बाकी फोन म्हणजे सगळा आनंदच होता. विटेसारखा जड. फोटोत आई पिठाच्या डब्यात पडल्यासारखी पांढरी यायची. काहीही दाबलं तरी तो आधी विचार करायचा, मग उघडायचा. दुकानदारानंच सांगितलं होतं, "ताई, याच्यात बाकी काही बघू नका. फक्त बॅटरी बघा. दोन दिवस मरत नाही." ठिणगीला तेवढंच पाहिजे होतं. शाळा सोडून ती औषधाच्या पट्ट्या खोक्यात भरायला जायची, आणि सहा महिने मान मोडून भरल्यावर हा स्वस्तातला फोन तिनं घरी आणला होता. बाबांसाठी.

जुना फोन दादाचा उरलेला. प्लगवरून काढला की सात मिनिटांत काळा. वायर वीतभर, प्लग वर ओट्यापाशी, आणि बाबांना उभं राहता येत नाही. दादा दुसऱ्या गावाहून दर रविवारी अकराला फोन करायचा. हॅलोच्या आधी विचारायचा, "चार्जिंग किती आहे?" आई खरं ते सांगायची. मग सगळी घाई. आईचा गुडघा, ठिणगीचं काम, दादाच्या खोलीतला उकाडा. फोन बाबांच्या हातात जायचा तेव्हा तो मेलेला असायचा. वर्षभर हेच.

बाबा बसचे कंडक्टर होते. शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस उठून बसेल असा आवाज. गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली, आणि आवाज मधल्याच कुठल्या तरी स्टॉपवर उतरून गेला. शब्द डोक्यात असतात, तोंडापर्यंत यायला फार वेळ लावतात. म्हणून ते डाव्या हातातल्या अंगठीनं खुर्चीच्या दांड्यावर वाजवतात. एक ठोका म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. हे घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. दादा तर लहानपणी जेवतानाही ताटावर दोनदा चमचा वाजवून वाढ म्हणायचा.

झटका आला त्याच्या आदल्या दिवशी बाप-लेकात कडाक्याचं वाजलं होतं. दादा बॅग उचलून गेला. दवाखान्यात एकदा आला, दारातूनच बघितलं आणि तसाच मागे फिरला. तेव्हापासून फक्त रविवार.

बाबांना त्याला एवढंच सांगायचं होतं, "राग नाही. ये." आठवडाभर ते हेच घोकत होते. ठिणगीनं घड्याळ लावून बघितलं होतं. सव्वा मिनिट लागतं.

फोन वाजला. आईनं स्पीकरवर टाकला.

"चार्जिंग किती आहे?"

"एक्क्याऐंशी," आईनं निकाल सांगावा तसं सांगितलं. "नवा फोन आहे. तुझ्या बहिणीनं आणला. दोन दोन दिवस चालतो, बघ."

पलीकडे काहीच नाही. ठिणगीला वाटलं, या फोनसारखा दादाही विचारच करत बसला की काय.

"अरे वा," दादा म्हणाला.

"आता काही घाई नाही. आज आधी बाबांशी बोल."

"अगं आई, मी जरा..."

"ते बोलतायत," ठिणगी म्हणाली. "गप ऐक."

तिनं फोन बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी मान पुढे काढली. ओठ हलले. गळ्याची शीर फुगली. नुसता श्वास बाहेर आला. आईचे ओठही त्यांच्याबरोबर हलायला लागले.

"हॅलो? ऐकू येत नाहीये. आई?"

बाबांनी अंगठी वाजवली. एकदा.

दादा थांबला. त्याला कळलं होतं. कंडक्टरच्याच घरात वाढलेला तो.

"रा..." बाबांच्या कपाळावर घाम आला. ठिणगीला वाटत होतं, हात घालून तो शब्द बाहेर ओढून काढावा. "राग," बाबा म्हणाले.

"बाबा." दादाचा आवाज एकदम लहान झाला. "मला माहितीय बाबा. तुम्ही त्रास करून नका घेऊ." मग पटापट, "आई, माझीच बॅटरी संपत आलीय गं. ठेवतो हं. पुढच्या रविवारी करतो."

बाबांनी परत वाजवलं. एकदाच. जोरात.

फोन बंद झाला.

"ना... ही," बाबा म्हणाले. पुढचा "ये" त्यांनी काढलाच नाही.

स्क्रीनवर आकडा तसाच होता. एक्क्याऐंशी. ठिणगीनं फोन उचलला, दादाला लावला. स्विच ऑफ. परत लावला. स्विच ऑफ.

"गेली असेल हो त्याची बॅटरी," आई म्हणाली. बाबांच्या कपाळावरचा घाम तिनं पदरानं पुसला, आणि तोच पदर मग स्वतःच्या डोळ्यांना लावला. "जुना झालाय ना त्याचा फोन."

"कसली बॅटरी गं? तो ना एक नंबरचा..."

ठक. बाबांनी ठिणगीकडे बघून वाजवलं होतं. ती थांबली.

बाबांचे ओठ हलायला लागले. आई खाली बसली. ठिणगी उभीच राहिली. या वेळी सव्वा मिनिटापेक्षाही जास्त लागलं, पण दोघींनीही मध्ये काही म्हटलं नाही.

"त्याला... पण..." बाबा म्हणाले, "असला... घे."