गोल्फची जोडी

नासिरभाईंची काठी चेंडूला लागलीच नाही. ती जमिनीत घुसली आणि गवतासकट एक ढेकूळ उडून मधुसूदनरावांच्या पांढऱ्या बुटांवर पडलं.

"स्वानंद, यांना सांगा, चेंडू खाली आहे. माझे पाय इकडे आहेत," मधुसूदनराव म्हणाले.

"सर, त्याहिले सांगा, पायावर मारायचं असतं तं नेम चुकला नसता," नासिरभाई म्हणाले.

स्वानंद मधे उभा होता. फवारणी पंपांच्या कंपनीत तो नवीन होता, पुण्याहून आलेला. कंपनीनं जिल्ह्यातल्या विक्रेत्यांना महागावच्या डोंगरावरच्या नव्या रिसॉर्टमध्ये सुट्टीसाठी आणलं होतं. गोल्फ कोणालाच येत नव्हतं. म्हणून त्यानं शेजारच्या गावांच्या जोड्या लावल्या. जोडीला एक बॅटरीची गाडी आणि एक चेंडू. एकदा यानं मारायचा, एकदा त्यानं. उमरखेडचे मधुसूदनराव आणि ढाणकीचे नासिरभाई त्यानं एका गाडीत बसवले, तेव्हा बाकीचे विक्रेते एकमेकांकडे पाहू लागले. पण कोणीच त्याला काही सांगितलं नाही.

एके काळी या दोघांचा माल एकाच ट्रकनं यायचा. ईदला मधुसूदनराव ढाणकीला जेवायचे, दिवाळीला नासिरभाई उमरखेडला. मग मधुसूदनरावांचा अभिषेक आणि नासिरभाईंची गझाला यांनी नांदेडला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि तिथंच घर मांडलं. मधुसूदनरावांनी जिवंत पोराच्या नावानं आंघोळ केली. नासिरभाईंनी मशिदीबाहेर चार लोकांसमोर सांगितलं, मला मुलगी नाही. दोघांच्याही घरात नांदेडचं नाव काढायची सोय उरली नाही. तेव्हापासून कुणाच्या लग्नात एक दिसला की दुसरा न जेवता उठून जायचा.

आता मारायची पाळी मधुसूदनरावांची होती. त्यांनी रागानं काठी फिरवली. चेंडू बरोबर झेंड्याच्या दिशेनं गेला आणि उतारावर थांबला. मागच्या गाडीतून कोणीतरी टाळी वाजवली. मधुसूदनरावांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

उतारावर नासिरभाई चेंडूपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले. जरासं ढकललं असतं तरी चेंडू भोकाशी गेला असता. त्यांनी पूर्ण ताकदीनं हाणला. चेंडू झेंड्यावरून, कुंपणावरून गेला आणि खालच्या सागाच्या जंगलात दिसेनासा झाला.

"हरकत नाही सर, दुसरा देतो," स्वानंद म्हणाला.

मधुसूदनराव पहिल्यांदाच थेट नासिरभाईंकडे वळले.

"हातातली वस्तू सांभाळता येत नाही तुम्हाले. पोरगीबी नाही सांभाळता आली."

नासिरभाईंनी काठी जमिनीवरून उचलली आणि खांद्याच्या वर नेली. स्वानंद पुढे झाला. मागच्या गाड्यांतले लोक खाली उतरले.

"माझी पोरगी घरात होती," नासिरभाईंचा आवाज दबलेला होता. "तुमचं पोरगं येत होतं आमच्या दुकानावर. काका काका करत. म्या त्याले घरात घेतलं, ताटात जेवू घातलं. दगाबाज निंघाला. बाप तसा लेक."

"बापापर्यंत जाऊ नका, नासिर."

"तुमच्यावरच बोलून राह्यलो. तुमाले सून पाह्यजे होती तुमच्या जातीची, मले जावई पाह्यजे होता माझ्या. दोघाचंबी तोंड काळं केलं त्यानं. आन् ते पोरगी? ते तं मेली माझ्यासाठी."

"मेली म्हणू नका," मधुसूदनराव कडाडले. त्यांच्या मानेची शीर फुगली होती. "पोटुशी आहे ती. पाय सुजून हे एवढाले झाले तिचे, चप्पल जात नाही पायात. आणि तुम्ही इथं डोंगरावर उभे राहून ती मेली म्हणता? बाप आहा का कोण आहा?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. हातातली टोपी चुरगळली. मागे उभे असलेले विक्रेते अजून लांब होते. त्यांना आरडाओरडा ऐकू गेला असेल, शब्द नाहीत. पण नासिरभाईंना शब्द अन् शब्द ऐकू गेला होता. त्यांची काठी तशीच हवेत होती.

"सूज उतरली," नासिरभाई म्हणाले. आवाजातला राग जरासुद्धा कमी झाला नव्हता. "डॉक्टरनं गोळी बदलली. शुक्रवारी गेलतो मी, पाहून आलो."

काठी हळूहळू खाली आली.

स्वानंदला काही कळेना. तो एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिला. दोघं मात्र एकमेकांकडे असे पाहत होते, जणू समोरच्यानं भर बाजारात आपला खिसा कापला आहे. नांदेडच्या त्या दोन खोल्यांत आपण एकटेच चोरून जातो, असं प्रत्येकाला वाटत होतं. दुसऱ्याला कळू देऊ नका, अशी शपथ प्रत्येकानं पोरांना घातली होती. पोरांनी दोन्ही शपथा पाळल्या होत्या.

मागचे विक्रेते जवळ येऊ लागले. "काय झालं हो?" त्यांच्यातल्या कोणीतरी विचारलं.

"काही नाही. चेंडू हरवला," मधुसूदनराव मोठ्यानं म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि नासिरभाईंच्या अगदी जवळ जाऊन, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं, दात खाऊन म्हणाले,

"शुक्रवार तुमचा. पण बुधवारी तिकडे फिरकायचं नाही. बुधवारी मी असतो."